देवगिरीची अंधारी, खुलताबादचे मकबरे: दोन दिवस कसे फिरावे

जुन्या दगडाला भुताची गोष्ट चिकटलेली नाही असं गाव मराठवाड्यात शोधूनच काढावं लागेल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर अशा गोष्टींची दाटीच आहे. शहरापासून 15 किलोमीटरवर देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला आणि त्याच्या पोटातली अंधारी, म्हणजे कातळात कोरलेला काळोखा बोगदा. घाट चढून गेलं की खुलताबाद, जिथे सूफी, सरदार, निजाम आणि एक बादशहा एकाच गावात पुरलेले आहेत. खुद्द शहरात पडके दरवाजे आणि जमिनीखालून गेलेल्या नहरी. अमुक पिंपळावर मुंजा आहे, तमुक मकबऱ्यात पैंजण वाजतात, घाटात अमावास्येला चकवा लागतो, हे सांगणारी माणसं रिक्षावाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत भेटतात. ऐकायला मजा येते, ऐकाव्यात. पण सहल आखताना एक गोष्ट धरून चला: इथली भीती दिवसाउजेडीच नीट पाहायला मिळते. ती माणसाने हिशोबाने बांधलेली आहे, शत्रूचे डोळे, पाय आणि डोकं तिन्ही गोंधळावीत म्हणून. रात्री गेलात तर बंद फाटक आणि पहारेकरी, एवढंच दिसेल.

ऋतू आधी ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात आणि किल्ल्यावर ढग उतरतात, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि अंधारीत पाणी झिरपतं. एप्रिल-मे टाळाच. पारा चाळिशी ओलांडतो, काळा कातळ तापतो आणि वरच्या निम्म्या चढावर सावली अशी नसतेच. उन्हाळ्यातच जावं लागलं तर दहाच्या आत वर पोचून उतरायला लागा. वेरूळ जोडायचं असेल तर लक्षात ठेवा, वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

पहिला दिवस: किल्ला सकाळी, खुलताबाद दुपारनंतर

हा क्रम उलटा करू नका. बरेच जण आधी वेरूळ, मग खुलताबाद, मग परतताना जमलं तर किल्ला असं आखतात आणि साडेचारला दमलेल्या पायांनी तिकीट खिडकीशी उभे राहतात. संध्याकाळ जवळ आली की वरच्या टप्प्यावर सोडत नाहीत, आणि अंधारी तर वरच्याच टप्प्यात आहे. फाटक उघडताच आत शिरलात तर साडेतीन तासांत सगळा किल्ला नीट बघून होतो: पुलापर्यंत सव्वा तास, तिथून माथ्यापर्यंत तास, माथ्यावर अर्धा तास, उतरायला पाऊण तास.

मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी दौलताबाद आणि खुलताबादवरून जातात. फक्त किल्ला करायचा असेल तर एसटी पुरते. दोन्ही ठिकाणं एका दिवसात हवीत तर रिक्षा किंवा जीप दिवसभरासाठी ठरवा, आणि ठरवताना 'किल्ल्यावर चार तास थांबायचं' हे आधीच बोलून घ्या. नाहीतर चालक दीड तासाने फोन करायला लागतो. शनिवार-रविवारी किल्ल्याच्या पुढे रस्ता जुन्या दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जातो तिथे गाड्या अडकतात. तोही वेळ धरून ठेवा.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, चांगली पकड असलेले बूट, विजेरी (मोबाइलचा दिवा असतो, पण एक हात मोकळा लागतो, म्हणून डोक्याला बांधायची असेल तर उत्तम) आणि अगदी थोडं खाणं. खाणं पिशवीत, झिप लावून. किल्ल्यावरची वानरं हातातली प्लॅस्टिकची पिशवी ओळखतात. त्यांनी ओढली तर सोडून द्या, ओढाताण करू नका. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, आणि वर बिडी-सिगारेट पेटवणं तर नाहीच. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात. वास, धूर किंवा दगड याने माशा उठल्या तर पायऱ्यांवर पळायला जागा नसते. उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाका, हात झटकू नका, आणि आल्या वाटेने खाली किंवा जवळच्या बंद खोलीत शिरा.

किल्ला यादव राजा पाचव्या भिल्लमाच्या काळातला, बाराव्या शतकाच्या शेवटचा. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी रामदेवरायावर चालून आला, 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानीच इथे हलवली, 1347 मध्ये बहमनी राज्याचा पहिला सुलतान इथेच गादीवर बसला, आणि 1633 मध्ये मुघलांनी तो अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. हे सनावळीपुरतं एवढं पुरे. बाकीचं भिंती सांगतात.

महाकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य तटबंदीच्या, पहिल्या दरवाजात उभे राहा आणि दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे पाहा. हत्तीने मस्तक घालून दार फोडू नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. मग मागे वळून बघा: एका दरवाजातून पुढचा दरवाजा सरळ दिसत नाही. प्रत्येक वळणावर शिरणारा माणूस मधल्या चौकात अडकतो आणि वरून मार खातो. ही एक गोष्ट इथेच लक्षात आली तर पुढची अंधारी चटकन समजते.

डावीकडे हत्ती हौद आणि त्यापुढे भारतमातेचं मंदिर. ही मूळची मशीद 1318 मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात बांधली. खांब त्याहून जुने, देवळांचे आहेत. खांबांवरचं कोरीव काम पाहायला दहा मिनिटं द्या. समोरचा चाँद मिनार बहमनी काळातला, सुमारे 210 फूट. आत चढता येत नाही. फोटो सकाळीच काढा, दुपारी ऊन डोळ्यांवर येतं.

चिनी महाल मात्र घाईत सोडू नका. कालाकोट म्हणजे आतली तटबंदी, तिच्या आतली ही पडकी इमारत. निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले दिसतात, म्हणून हे नाव. गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथे डांबलं, आणि तो मरेपर्यंत कैदेतच राहिला. किल्ल्यातल्या भुतांच्या गोष्टींत 'रात्री गाणारा कैदी' जो येतो तो बहुधा याच जागेभोवती. तानाशाहाची कबर दुपारी खुलताबादला बघायची आहे, तेव्हा जागा डोक्यात ठेवा.

महालाच्या वरच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. 'किला शिकन' हे तिचं दुसरं नाव. तोफ बघून झाली की बुरुजाच्या कडेने खाली पाहा. खंदक इथून सगळा दिसतो. कातळ उभा तासून डोंगराचा घेर असा कापला आहे की पाय रोवायला जागाच उरू नये. आत जायला एकच पूल. जुना दगडी पूल मधल्या भागात मुद्दाम खाली उतरवलेला आहे. पाणी चढवलं की तो बुडायचा.

अंधारी

पूल ओलांडला की अंधारी. कातळाच्या पोटातून कोरलेला, वळणं घेत वर चढणारा बोगदा. ज्यांना दमा आहे, बंद जागेची धास्ती आहे, गुडघे दुखतात किंवा कडेवर लहान मूल आहे, त्यांच्यासाठी बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट आहे. तिने गेल्यास किल्ला अर्धवट पाहिला असं काही होत नाही, पुढे सगळे एकत्रच येतात. वटवाघळांच्या विष्ठेचा वास इथे इतका उग्र असतो की दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो. नाकाला रुमाल किंवा मास्क ठेवा.

तोंडाशी मशाल किंवा विजेरी घेतलेले गाइड असतात. पैसे आधी ठरवा: माणशी की सगळ्यांचे मिळून, आणि फक्त अंधारीचे की माथ्यापर्यंतचे. चांगल्या गाइडची खूण ही की तो मध्ये थांबून दिवा विझवतो आणि मग समजावतो. नुसता 'चलो चलो' करत पुढे पळवणारा असेल तर स्वतःची विजेरी बरी.

आत गेल्यावर काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे घाबरायचं तिथेच घाबराल. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. शत्रूकडे तेवढा वेळ नसायचा. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे पावलांची लय जमतच नाही. वाटा मध्येच फुटतात, आणि अंधारात माणूस साहजिकच उजेडाकडे वळतो. एका ठिकाणचा उजेड बाहेर पडायच्या वाटेचा नाही, तो थेट खंदकावर उघडतो. गाइड हेच दाखवतात, आणि तिथे आता खाली पडायची भीती नसली तरी डोकावताना एकमेकांना ढकलू नका. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण होतं आणि जवळ शेगडी पेटवायची सोय. धूर आत कोंडला की उरलेसुरले परतही जाऊ शकत नसत.

'कोणीतरी मागून फुंकर मारली', 'कानाजवळून गेलं' हे आतून बाहेर आलेले लोक हमखास सांगतात. फुंकर म्हणजे फटींतून वर ओढली जाणारी हवा, आणि कानाजवळून जातं ते वटवाघूळ. ते तुम्हाला धडकत नाही. तुम्ही हात झटकलात तर तुमचा तोल जातो, खरा धोका तो. किंकाळी ऐकू आली तर ती पुढच्या शाळेच्या सहलीची. दगडी वळणांत आवाज कुठून येतोय ते कळत नाही, चार पावलांवरचं हसणं खोलवरून आल्यासारखं वाटतं.

आत शिरताना ओळीने, एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात. मुलांना आधी सांगून ठेवा की दिवा विझवणार आहेत. फजिती बघायची म्हणून अचानक किंचाळणारा मामा प्रत्येक कुटुंबात असतो, त्याला सगळ्यात पुढे ठेवा. डोकं वाकवायला लावणारी जागा दोन-तीनदा येते, उंच माणसांनी एक हात कपाळापुढे धरावा. फ्लॅश मारून फोटो काढलात तर पुढचा मिनिटभर कोणालाच काही दिसत नाही, म्हणून आत कॅमेरा नको.

बाहेर आलात की पुढे गणपतीचं छोटं देऊळ. इथे बसून पाणी प्या. घाम आलेला असतो आणि वर वारा लागतो. पुढच्या पायऱ्या बारादरीपर्यंत नेतात. ही इमारत 1636 मध्ये शाहजहान आला तेव्हाची. खिडकीतून खालची सगळी तटबंदी कळते. अगदी माथ्यावर तोफ आहे आणि जवळच्या गुहेत जनार्दनस्वामींच्या पादुका. संत एकनाथांचे हे गुरू याच गडाचे किल्लेदार होते. भुताचा किल्ला म्हणून येणाऱ्यांपेक्षा इथे पाया पडायला येणारे जुने वारकरी जास्त सापडतात, आणि ते अंधारीतून 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत सरळ चढून जातात.

उतरताना पाय थरथरतात. घसरून पडणं चढताना फारसं होत नाही, उतरताना होतं. गुडघा थोडा वाकवून, तिरकं पाऊल टाकून उतरा. खाली रस्त्याकडेला हंगामात दौलताबादची सीताफळं आणि पेरू मिळतात. सीताफळ घरी न्यायचं असेल तर कडक, डोळे नुकते उघडलेलं घ्या. गाडीत पिकलेलं फळ फुटतं.

खुलताबाद

जेवण किल्ल्याच्या पायथ्याशी उरकून घाट चढा. खुलताबादचं वातावरण वेगळं आहे: हे राहतं गाव आहे आणि मकबरे म्हणजे लोकांच्या श्रद्धेच्या जागा. 'इथे भूत दिसतं का हो?' असं दर्ग्यातल्या मुजावराला विचारणं म्हणजे कोणाच्या देवघरात जाऊन तसं विचारणं. चहावाल्याला विचारा, तो रंगवून सांगेल.

डोक्याला रुमाल किंवा ओढणी, चपला बाहेर, अंगभर कपडे. काही दर्ग्यांत अगदी आतल्या भागात बायकांना प्रवेश नसतो. दारात विचारून घ्या, वाद घालू नका. औरंगजेबाच्या कबरीला पोलीस बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवा, घोषणा आणि रील यांची जागा ती नव्हे.

ही कबर शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरला मेला आणि त्याला इथे आणलं. आग्र्या-दिल्लीचे घुमट डोक्यात घेऊन आलात तर दचकाल: वर छत नाही, मधे माती, भोवती संगमरवरी जाळी, आणि तीही पुष्कळ नंतर आलेली. समोरच्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह पुरलेला आहे, तो 1748 मध्ये वारला. सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्यापाशी तानाशाह. सकाळी पाहिलेला चिनी महाल आठवून ही साधी कबर पाहिली की कोणत्याही भुताच्या गोष्टीपेक्षा ती जास्त वेळ थांबवते.

गावाबाहेर वायव्येला मलिक अंबरचा मकबरा आहे, सतराव्या शतकातला. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवलेला हा माणूस. जवळच त्याची बायको सिद्दी करीमा हिचा छोटा मकबरा. ही वाट थोडी आडबाजूची, गर्दी नसते, आणि 'झपाटलेला मकबरा' शोधणारी पोरं मोटारसायकलवर इथेच येतात. उजेड असतानाच जा. भीती भुताची नाही: गवतात साप असतात, पडक्या आवारांत कठडा नसलेल्या विहिरी असतात, आणि घुमटाच्या आतल्या बाजूला मधमाश्यांची पोळी. पाऊल टाकण्याआधी काठी आपटा, भिंतीच्या फटीत हात घालू नका, पडलेल्या दगडांवर चढू नका.

काही दर्ग्यांत गुरुवारी 'अंगात येणारी' माणसं आणलेली दिसतात. त्यांचं चित्रीकरण करू नका, ती आजारी किंवा त्रासलेली माणसं असतात. आणि तुमच्याकडेच बघून 'बाई, तुमच्यावर सावली आहे, एवढे द्या, उतरवतो' म्हणणारा कोणी भेटला तर सरळ नाही म्हणून पुढे चला. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भुताची भीती घालून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. एवढं ऐकवलं की बहुतेक वेळा तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

शेवटी भद्रा मारुती. इथला मारुती आडवा, निजलेला आहे. शनिवारी रांग मोठी, म्हणून दिवस निवडायची सोय असेल तर शनिवार टाळा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शुक्रवारच्या रात्री शहरातून हजारो माणसं याच घाटाने पायी येतात, बायका-पोरांसह. रात्री या रस्त्यावर चालायचंच असेल तर तो दिवस धरा: चहा-फराळाचे मंडप, पोलीस आणि इतकी गर्दी की चकवा लागायला वाट मोकळी सापडत नाही. एरवी रात्री घाटात गाडी थांबवून फोटो काढू नका. वळणावर मागून येणारा ट्रक दिसत नाही.

दुसरा दिवस: शहर

सकाळी औरंगाबाद लेणी. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, वेरूळच्या मानाने रिकामी. तिसऱ्या लेण्यात विजेरी घेऊन जा. गाभाऱ्याच्या अंधारात बुद्धासमोर माणसाएवढ्या उंचीचे भक्त हात जोडून गुडघ्यांवर बसलेले आहेत. उजेड एकदम टाकला की सगळी खोली माणसांनी भरल्यासारखी वाटते. दिवा जमिनीवरून हळूहळू वर न्या. सातवं लेणं दुसऱ्या गटात आहे, वाट उन्हाची, पाणी बरोबर ठेवा.

पाणचक्कीला दुपारी जा. हौदाखालच्या दालनात तेव्हाही गारवा असतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला जोडलेली ही चक्की. उत्तरेच्या डोंगरातून सुमारे सहा किलोमीटर पाणी मातीच्या नळांनी, जमिनीखालून, नुसत्या उताराच्या आणि दाबाच्या जोरावर आणलेलं. 'जमिनीखालून कुजबुज ऐकू येते' ही शहरातली जुनी गोष्ट या नहरींमुळेच असावी. पाऊस चांगला झाला असेल तर पाणी जोरात पडतं, उन्हाळ्यात निराशा होऊ शकते. शेजारचा महमूद दरवाजा, खाम नदीवरचा मकाई दरवाजा आणि 1612 चा भडकल दरवाजा एकाच फेरीत होतात. भडकल दरवाजाच्या कमानीखाली उभं राहून वर पाहा, पण वाहनांकडे पाठ करून नाही.

संध्याकाळ बीबी का मकबऱ्यासाठी ठेवा. तो अंधार पडल्यावरही उघडा असतो, म्हणून 'रात्रीचा मकबरा' बघायची हौस रीतसर भागवायला हीच जागा. औरंगजेबाची बायको दिलरस बानूचा हा मकबरा, सतराव्या शतकातला. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा: उजेडात नक्षी, मग घुमटाचा रंग बदलताना, मग दिव्यांत. संगमरवर कुठे संपतो आणि चुना-गिलावा कुठे सुरू होतो ते उजेडातच कळतं. कबर खालच्या पातळीवर आहे, वरच्या जाळीतून वाकून पाहावी लागते. मोबाइल आणि चष्मा घट्ट धरा.

नंतर जुन्या शहरात नान-खलिया. खलिया, म्हणजे मांसाचा रस्सा, मटणाचा किंवा मोठ्याचा (म्हशीच्या मांसाचा) असतो, मागवण्याआधी विचारून घ्या. नान तंदुरातून निघालेला गरम मागा, सकाळचा रचून ठेवलेला चिवट होतो. शाकाहारी असाल तर इथे फारसं काही मिळणार नाही, आधी गुलमंडीकडे पोटपूजा करून या.